बिनछपराचे ब्याण्णव मीटर

कुमसारी जिल्ह्यात मेंढ्या किती, उंट किती, किती जणांच्या हाताला काम आणि किती जण नुसतेच बाजाराच्या कोपऱ्यावर सूर्यफुलाच्या बिया फोडत उभे, हे उल्तुगानला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. एकोणतीस वर्षं ती जिल्हा कचेरीच्या अर्थ आणि गृहनिर्माण विभागात होती. तेवढ्या काळात जिल्ह्याचे प्रमुख, म्हणजे अकीम, नऊ झाले. प्रत्येकाने आल्या आल्या पडदे बदलले, खुर्ची बदलली, ड्रायव्हर बदलला. उल्तुगानला कुणी हात लावला नाही, कारण आकडे तिच्याकडे होते आणि नव्या माणसाला पहिल्याच मंगळवारी आकडे लागत.

बाई ठेंगणी, अंगाने भरलेली, पुढचे दोन दात सोन्याचे. चालायची इतकी भरभर की तिच्याबरोबर जाणाऱ्याला धाप लागावी. नवरा होता एकेकाळी. शहरात ट्रक घेऊन गेला तो तिकडचाच झाला. तिने त्याच्या नावाने रडून दाखवलं नाही. आई गेली तेव्हा धाकटा भाऊ दोसबोल नऊ वर्षांचा होता. त्याला तिने पोटच्या पोरासारखं वाढवलं, सैन्यात धाडलं, परत आणलं आणि मुलगीही तिनेच शोधली. ती कनीपा. आमच्याकडे नव्या सुनेने सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव तोंडातून काढायचं नसतं, तिने त्यांना आपलं एखादं नाव ठेवायचं. कनीपाने नणंदेच्या कानामागे कायम खोचलेली लेखणी पाहिली आणि तिला ‘लेखणीआपा’ म्हणायला लागली; आपा किंवा आपाय म्हणजे थोरली बहीण. महिन्याभरात सगळं गाव तेच म्हणायला लागलं. उल्तुगानला ते फार आवडायचं, पण आवडतं असं तिने कुणाला कळू दिलं नाही.

दोसबोलला गावाच्या टोकाला जमिनीचा तुकडा मिळाला, तेव्हा त्याने एक अख्खा उन्हाळा माती आणि बोरूचा भुसा तुडवून विटा पाडल्या. मग आसार झाला. आसार म्हणजे घर बांधायला गावाने आपणहून यायचं; मजुरी नाही, वही नाही, घरधन्याने मेंढी कापायची आणि पोटभर जेवू घालायचं, बस्स. साठ माणसं आली. दोन रविवारात भिंती उभ्या राहिल्या. उल्तुगानने त्या दोन दिवसांत किती किटल्या चहा वाहिला याचा हिशेब मात्र तिच्याकडेही नव्हता. संध्याकाळी दोसबोल भिंतीवर चढून बसला आणि ओरडला, “आपा, तुझ्या कागदात लिही! ब्याण्णव मीटर!”

त्याच हिवाळ्यात गोठलेल्या सिर दर्या नदीवरून ट्रॅक्टर नेताना बर्फ फुटला आणि दोसबोल ट्रॅक्टरसकट गेला. तिसऱ्या दिवशी सापडला.

भिंती तशाच राहिल्या. आसारला माणसं फुकट येतात, लाकूड येत नाही. आमच्या माळावर तुळईजोगं झाड उगवत नाही आणि बाहेरून आणलेल्या लाकडाला सोन्याचा भाव. एक वर्ष कनीपा दोन्ही मुलींना घेऊन उल्तुगानच्या एका खोलीत राहिली. मग तिने सार्वजनिक हमामाच्या मागची खोली भाड्याने घेतली. भिंतीपलीकडे दिवसभर पाणी उकळायचं, त्यामुळे खोली उबदार होती खरी, पण ओल इतकी की धाकट्या बोताच्या वह्यांची पानं चिकटून बसत. तिला वर्षातून दोनदा तरी छातीचं दुखणं व्हायचं. कनीपा बालवाडीत स्वयंपाकीण होती. विधवांच्या यादीत तिने घरासाठी नाव घातलं होतं आणि चार वर्षांत तिचा नंबर चौथा आला होता. शाळेमागे बारा फ्लॅटची नवी इमारत उभी राहत होती. वसंतात वाटप होणार होतं. यात कुठे माशी शिंकायला जागाच नव्हती. थोरल्या मेरुएर्तने पडद्याचं कापडसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

आणि मग आला डिसेंबर.

आमच्याकडे डिसेंबर हा थंडीचा महिना नाही, टक्क्यांचा महिना आहे. प्रांताने प्रत्येक जिल्ह्याला वर्षाला किती चौरस मीटर घरं पुरी करायची ते ठरवून दिलेलं असतं. दर मंगळवारी प्रांताचे साहेब पडद्यावर येतात आणि सातही जिल्ह्यांचा तक्ता दाखवला जातो: मांस, दूध, रोजगार, घरं. ज्याचं बरं चाललंय त्याचा रकाना हिरवा, ज्याचं नाही त्याचा लाल. कुमसारीचा घरांचा रकाना डिसेंबरच्या मध्यालाही लाल होता. नवा अकीम येरमुखान छत्तिशीचा, राजधानीत शिकलेला, रागावला की हसणारा. त्या मंगळवारी तो खूप हसत होता.

“आपाय, हा लाल रंग कसला?”

“घरांचा, साहेब. चौदाशे मीटर कमी पडतायत.”

“रंग मला दिसतोय. कारण सांगा.”

“थंडी. सिमेंट धरत नाही. लोक वसंतात छपरं घालतील.”

“वसंत पुढच्या वर्षी येतो, आपाय. मला घरं या वर्षी पाहिजेत.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “तुमच्याविषयी फार ऐकलंय मी. आधीच्या साहेबांनी सांगितलं होतं, ती बाई दगडातून मीटर काढते म्हणून.”

स्तुतीला भुलायचं वय तिचं नव्हतं, पण भुलली. आणि वर हेही खरं की हे काम तिने पूर्वीही केलं होतं. आपलं आपण घर बांधणाऱ्याच्या बाबतीत कचेरी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवते. ‘घर पूर्ण झालं असून राहण्यास योग्य आहे’ असं मालकाने लिहून सही केली की घर झालं. मग ते मीटर गावाचे, गावाचे जिल्ह्याचे, जिल्ह्याचे प्रांताचे, असे वर वर चढत जातात, आणि वर कुणी छपराला हात लावून बघत नाही.

सहा दिवस ती कचेरीची जीप घेऊन गावोगाव फिरली. तिची एक पद्धत होती. कुणाच्याही घरी गेलं की आधी चहाला बसायचं, भाकर मोडायची, पोराबाळांची नावं विचारायची, आणि मग कागद काढायचा. कागद आधी काढला तर लोक वाचतात. चहानंतर काढला तर आपल्या दस्तरखानावर जेवलेल्या माणसाला नाही म्हणणं आमच्या लोकांच्या जिवावर येतं. हे तिला पुरतं ठाऊक होतं आणि एकोणतीस वर्षं तिने ते वापरलं होतं.

एका गावात माणसाने दाराच्या भोकावर लोकरीच्या नमद्याचा तुकडा लटकावून दाखवला. “घ्या, हे दार.” दुसऱ्या गावात एक म्हातारा खिदळत म्हणाला, “सही करतो की, लेखणीआपा. पण राहायला जायचं म्हणजे आधी माझ्या मेंढ्यांना विचारावं लागेल. सध्या घर त्यांच्याकडे आहे.”

“मेंढ्यांना सांग, वसंतात खाली करतील.”

“त्या माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. तू सरकारी.”

सगळे हसले, तीही हसली, सही झाली. अशी दहा घरं गोळा झाली. तिसाव्या तारखेला बेरीज केली तर सत्तर मीटर कमी.

कपाटात दोसबोलची फाईल होती. नकाशा तिनेच भरला होता. ब्याण्णव.

ती खूप वेळ त्या फाईलकडे बघत बसली असं सांगायला मला आवडलं असतं, पण तसं झालं नाही. तिने फाईल काढली आणि कोट चढवला. तिच्या डोक्यात यादीचा विचार आला नाही असंही नाही. पण घरवाटपाची यादी दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या बाईकडे होती, आणि एका खोलीतला कागद दुसऱ्या खोलीत पोचायला आमच्याकडे वर्ष लागतं, यावर तिचा गाढ विश्वास होता. फेब्रुवारीत आपणच दुरुस्ती टाकू, असं तिने ठरवलं. दोन्ही खोल्यांचे संगणक त्याच शरदात एकमेकांना जोडले होते. तसं परिपत्रकही आलं होतं. त्यावर ‘वाचलं’ म्हणून तिची सही होती. तिने ते वाचलं नव्हतं.

बालवाडीच्या स्वयंपाकघरात कनीपा कणीक मळत होती. “आपा, इतक्या बर्फातून? बसा, चहा टाकते.”

“बसत नाही. इथे एक सही कर.”

“कसली?”

“काही नाही गं. दोसबोलच्या भिंतींचा कागद. वर्षअखेरीचं आमचं काहीतरी.”

कनीपाने कणकेचे हात ॲप्रनला पुसले आणि सही केली. कागदावर पिठाचं बोट उमटलं. तिने वाचलं नाही. नणंदेचा कागद कोण वाचतं?

एकतीस तारखेला दुपारी कुमसारीचा रकाना हिरवा झाला. शंभर पूर्णांक दोन टक्के. प्रांताच्या साहेबांनी पडद्यावरून येरमुखानचं नाव घेतलं. येरमुखानने उल्तुगानला प्रशस्तिपत्र दिलं आणि एक मखमली रजई दिली, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

फेब्रुवारीत तिला दुरुस्ती टाकायची होती. फेब्रुवारीत मेंढ्यांची मोजणी आली. मग गुडघा दुखला.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात कचेरीच्या पाटीवर बारा नावं लागली. कनीपाचं नाव चौथं नव्हतं, आणि बारावंही नव्हतं. ती सरळ उल्तुगानच्या टेबलाशी आली. ॲप्रन तसाच, डोक्याचा रुमाल सुटलेला.

“आपा, खालची यादीवाली बाई म्हणते माझं घर आहे. ब्याण्णव मीटरचं. म्हणते, ज्याला घर आहे त्याला घर कशाला? मी म्हटलं, अहो, आकाश दिसतं त्यातून. ती म्हणते, संगणकात छप्पर आहे.”

उल्तुगान उठली नाही. 

“कुणी लिहिलं हो असं?” कनीपाने विचारलं. अजूनही तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं न कळणं होतं. “दोसबोल तर असं खोटं लिहिणार नाही, आणि तो आहे कुठे आता?”

“तू सही केलीस. डिसेंबरात.”

“मी तर तुम्हाला सही दिली, आपा,” कनीपा म्हणाली. मग तिला कळलं. रुमाल नीट बांधला आणि गेली; मुलांच्या जेवणाची वेळ झाली होती.

तिच्या जागी जिला फ्लॅट मिळाला ती दवाखान्यातली लंगडी नर्स होती, तीन पोरांची आई. तिला कुणी शिव्या देऊ शकत नव्हतं. रागाला धड जागासुद्धा उरली नाही, आणि असा राग माणसाला आतून खातो. उल्तुगान आठवडाभर जेवली नाही, नुसता चहा. मग अकीमकडे गेली.

“साहेब, दोसबोलचं घर चुकून चढलंय. उतरवा.”

येरमुखानने तिला बसायला सांगितलं. “चूक कुणाची?”

“माझी.”

“म्हणजे जिल्ह्याची. म्हणजे माझी. आपाय, तो आकडा प्रांताकडे गेला, तिथून राजधानीला गेला. आता मी लिहू, की आमचं शंभर टक्के शंभर नव्हतं? एक घर उतरवलं की ते विचारतील, बाकीची दहा? तुम्ही ती दहा जाऊन बघितलीत ना? मेंढ्या मोजल्यात का त्यातल्या?”

तो हसत होता.

“पोरगी विधवा आहे, साहेब. माझ्या भावाची बायको.”

“तेच तर. घरातल्याच माणसाचा कागद करताना तुम्ही विचार केला नाहीत, आणि मी करू?”

सगळ्यात वाईट हेच की माणूस बरोबर बोलत होता.

एप्रिलमध्ये जिल्हासभा होती. लोकांनी निवडून दिलेले पंधरा सभासद तीन महिन्यांतून एकदा बसतात आणि जिल्ह्याची आर्थिक प्रगती, घरांची कामं, सगळं तपासतात. तपासतात म्हणजे अहवाल ऐकतात. अहवाल दर वेळी उल्तुगान वाचायची आणि सभासद दर वेळी पेंगायचे. या वेळी ती घरांच्या पानावर आली आणि कागद खाली ठेवला.

“हे पान खोटं आहे,” ती म्हणाली. “अकरा घरांना छप्पर नाही. मी स्वतः जाऊन सह्या घेतल्या. दहा इतरांची आणि एक माझ्या भावाचं.”

पेंगणारे जागे झाले. अध्यक्षांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता ठेवला. येरमुखान तिच्याकडे न बघता हसला. तिला वाटलं, आता काहीतरी होईल. छत फाटेल, कुणी ओरडेल, निदान कुणी शिवी तरी देईल. एकोणतीस वर्षं दाबून ठेवलेलं ती बोलून मोकळी झाली होती. आणि ती, खरं सांगायचं तर, जराशी खूशही होती.

“माहितीची नोंद घेतली,” अध्यक्ष म्हणाले. “पुढचा विषय, गुरांचं लसीकरण.”

फक्त एकटे कोशेरबाय उठले. सत्तरीचे मेंढपाळ, पांढऱ्या दाढीमुळे सगळे त्यांना मानाने अक्साकल म्हणत, सभेतही बूट न काढणारे. “थांबा हो. मला अडाण्याला एक सांगा. ती घरं आहेत की नाहीत?”

कायद्याचा सल्लागार उभा राहिला. “नोंदीत आहेत.”

“मी माळावरचं विचारतोय.”

“अक्साकल, नोंदीत चढलेलं घर नोंदीतून एकाच कागदाने उतरतं. पाडल्याच्या दाखल्याने. घर पडलं की नाही, एवढंच पाहिलं जातं. चढलं कसं, ते कुणी बघत नाही.”

“म्हणजे जे घर नाही ते नाही म्हणायला आधी पाडायला हवं?”

“हो. तसंच.”

कोशेरबाय खाली बसले आणि मोठ्याने म्हणाले, “तुमच्या आईला! मग पाडा की. मातीच तर आहे.”

सभागृहात हशा पिकला. उल्तुगान हसली नाही. तिने ते वाक्य उचललं आणि उराशी धरलं.

ती त्याच संध्याकाळी कनीपाकडे गेली. महिनाभर दोघी बोलल्या नव्हत्या. हमामामागच्या खोलीत बोता खोकत होती.

“भिंती पाडायच्या,” उल्तुगान म्हणाली. “दाखला मी करते. पंधरवड्यात तुझं नाव परत यादीत. पुढच्या वर्षी दुसरी इमारत होतेय, त्यात पहिल्या चारात येशील.”

कनीपाने बोताच्या अंगावर पांघरूण ओढलं. “त्याने पाडलेल्या विटा आहेत त्या, आपा. प्रत्येकीवर त्याच्या हाताचा ठसा आहे.”

“ठाऊक आहे मला.”

“तुम्हाला सगळंच ठाऊक असतं.”

टोमणा होता. उल्तुगानने तो गिळला. गिळायलाच आली होती ती. शेवटी कनीपा म्हणाली, “पोरीची छाती वाजते. पाडा.”

मेच्या पहिल्या रविवारी आसार झाला. आमच्या जिल्ह्याच्या इतिहासात घर पाडायचा आसार तोच पहिला. कोशेरबाय आपणहून कुदळ घेऊन आले आणि मेंढीही त्यांनीच आणली. सहा वर्षांपूर्वी ज्यांनी भिंती चढवल्या तेच लोक आले, जे हयात होते ते. सुरुवातीला कुणी पहिला घाव घालेना. सगळे कुदळी टेकून उभे राहिले, हवापाण्याच्या गप्पा मारत. मग कनीपानेच एकाच्या हातून पहार घेतली आणि खिडकीच्या कोनाड्यावर मारली. मग सगळे तुटून पडले.

मातीची भिंत बांधायला दोन रविवार लागले होते, पाडायला एक दुपार पुरली. धुळीत कुणीतरी थट्टा केली की आता अकीमचीही कचेरी पाडू, हात बसलाच आहे. लोक हसले, मांस शिजलं, जेवणं झाली. कनीपाने सगळ्यांना वाढलं, एकालाही दुसऱ्यांदा घेतल्याशिवाय उठू दिलं नाही. मेरुएर्त तेवढी एका अख्ख्या विटेवर बसून होती. ती वीट तिने कुणाला फोडू दिली नाही.

उल्तुगानने जीपच्या बॉनेटवर दाखला लिहिला. घराचा पत्ता, क्षेत्रफळ, तारीख. ‘पाडण्याचे कारण’ असा एक रकाना होता. तिने क्षणभर विचार केला. खोटं आता लिहायचं नाही असं तिने ठरवलं होतं. भूकंप झाला नव्हता, पूर आला नव्हता. तिने खरं तेच लिहिलं: मालकिणीच्या स्वेच्छेने. कनीपाने सही केली, या वेळी पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचून. येरमुखाननेही दोन दिवसांत सही केली, एक प्रश्न न विचारता. पाडलेल्या घरांचा तक्ता वेगळा असतो आणि मंगळवारी पडद्यावर तो कुणी दाखवत नाही. आपलं शंभर टक्के तसंच राहिलं, याचाच त्याला आनंद.

जूनमध्ये यादीच्या खोलीतून उत्तर आलं. लिफाफा कनीपाच्या नावाचा होता, पण टपालवाल्याने सवयीने उल्तुगानच्या टेबलावर ठेवला. तिने उघडला. दोनच ओळी होत्या.

‘अर्जदाराने स्वेच्छेने आपले घर पाडून स्वतःची निवासाची परिस्थिती जाणूनबुजून बिघडवली असल्याचे आढळते. सबब पाडल्याच्या तारखेपासून पाच वर्षेपर्यंत तिचे नाव यादीत घेता येणार नाही.’

तिने ते तीनदा वाचलं. कलम तिला पाठ होतं. घर विकून, पाडून, भावाच्या नावे करून पुन्हा सरकारकडे हात पसरणाऱ्या लबाडांसाठी ते होतं, आणि चांगलं होतं. अशा कितीतरी लबाडांना तिने स्वतः घालवलं होतं. एवढंच नाही, पत्राचा मसुदाही तिचाच होता. बारा वर्षांपूर्वी यादीच्या खोलीतली बाई रजेवर होती, तेव्हा तिनेच बसून घडवला होता. ‘सबब’ हा शब्द तिच्या फार आवडीचा. तेव्हापासून फक्त नावाची जागा बदलत होती. हे कलम तिला आठवलं कसं नाही? आठवलं नाही, कारण कलमं आपल्या माणसांसाठी असतात असं तिला एकोणतीस वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं.

कोशेरबाय कळल्यावर कचेरीत येऊन खूप ओरडले. येरमुखानने त्यांना चहा पाजला आणि म्हणाला, कायद्यापुढे मी काय करणार, अक्साकल. हेही खरंच होतं. सगळे जण खरंच बोलत होते.

बालवाडीच्या स्वयंपाकघरात कनीपा भांडी घासत होती. उल्तुगानने पत्र तिच्या हातात दिलं नाही, वाचून दाखवलं. तेवढं तरी आपल्या तोंडाने करावं असं तिला वाटलं. कनीपाने नळ बंद केला.

“पाच वर्षं. कुठून मोजायची?”

“पाडल्याच्या तारखेपासून.”

“आणि मी स्वेच्छेने पाडलं, असं कुणी लिहिलं?”

“मी.”

“खोटं नाही ते,” कनीपा म्हणाली. “पहिली पहार मीच मारली.”

उल्तुगान म्हणाली, माझी खोली घे, मी हमामामागे जाते, पेन्शन होईल तेव्हा वकील करते, प्रांताला लिहिते, राजधानीला लिहिते. ती बोलत राहिली. कनीपा ऐकत होती आणि बोटांवर काहीतरी मोजत होती.

“मेरुएर्त आता सोळाची,” ती म्हणाली. “पाच वर्षांनी एकवीस. बोता अठराची. तेव्हा नाव यादीत जाणार, वर्ष-दोन वर्षं रांग. तोवर दोघी कुणाच्या तरी घरी गेलेल्या असतील.” तिने ओले हात ॲप्रनला पुसले. “मग मला एकटीला कशाला हवंय घर, आपा? तुम्ही तुमचे कागद आवरा आता. मुलं जेवायला येतील.”